फरशीवरची बुलेट

"चाचा, हँडलवरनं पाय काढा!" मी ओरडलो.

दस्तगीरचाचांनी खाली बघितलं. त्यांच्या शेडच्या फरशीवर मी सकाळपासून खडूनं गाडी काढत होतो. आहे त्या मापात. चाकाएवढं चाक, नळीएवढी नळी. त्यांचा डावा पाय बरोबर हँडलच्या मुठीवर होता. त्यांनी तो उचलला, एक पाऊल मागं गेले आणि पुढच्या चाकात उभे राहिले.

"आता?"

"आता चाकात हायसा."

"मग काय हवेत उभा राहू व्हय रं? शेड माझं, फरशी माझी, आन् मलाच जागा न्हाई."

दारात स्टुलावर बसलेल्या शालन सिस्टर मोठ्यानं हसल्या. "दस्तगीरभाई, उतरा खाली. अजून पासिंग झालं नाही माझ्या गाडीचं."

त्या वेळी मी सोळाचा होतो. आता एकोणीस. शाळा मी सोडली का शाळेनं मला, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. गणिताच्या सरांनी माझी वही वर्गात फिरवली होती. मागच्या पानांवर गाड्याच गाड्या. "बघा, श्रीतेजचं भविष्य चाकाखाली," म्हणाले. पोरं हसली. मी बाक उलटा केला. बाकावर सरांचा चष्मा होता. नंतर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, मला त्यांच्या फौंड्रीत चिकटवला, तर तिसऱ्या दिवशी सुपरवायझरशी भांडून घरी. मग दिवसभर उद्यमनगरात हिंडायचो. एका दुपारी चाचांच्या शेडच्या भिंतीवर कोळशानं येझडी मोटरसायकल काढली. त्यांनी शिव्या दिल्या, पण ती पुसली नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. एवढीच आमची ओळख.

चाचांनी चाळीस वर्षं पेट्रोलच्या टाक्या ठोकल्या, वाकलेल्या चॅसिस सरळ केल्या. पण कागदावरचं चित्र त्यांना कळायचं नाही. कागद पुढं धरला की म्हणायचे, "ह्यात माझा हात जात न्हाई." म्हणून फरशी. मी खडूनं रेष मारायची, त्या रेषेवर ते जाड तार ठेवून वाकवायचे, आणि तार सांगेल तसा पत्रा. मला रेष दिसायची, त्यांना पत्रा ऐकू यायचा. दोघं मिळून एक माणूस व्हायचो, असं तेच म्हणायचे.

गाडी सिस्टरांची. म्हणजे त्यांच्या यजमानांची, चौगुले साहेबांची. अठ्ठ्याहत्तर सालची बुलेट. साहेब चार वर्षांमागं गेले आणि गाडी त्यांच्या बोळात ताडपत्रीखाली पडून राहिली. सिस्टर सरकारी दवाखान्यातनं रिटायर झालेल्या. उंची चार फूट दहा इंच, आवाज दोन वॉर्डांत ऐकू जाईल असा.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "तीस वर्षं मागं बसले मी. एका अंगाला पाय सोडून. तीस वर्षांत निम्माच रस्ता बघितला, डावीकडचा. साहेबांना म्हणायची, एकदा मला चालवू द्या. ते म्हणायचे, पाय कुठं पुरतात तुझे?"

"खरं तर पुरत न्हाईतच," चाचा म्हणाले.

"म्हणूनच तुमच्याकडं आले. मी गाडीएवढी व्हायची नाही आता. गाडी माझ्याएवढी करा."

मे महिन्यात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं, त्यानंतर दुचाकीचं नाव काढायचं नाही. त्याआधी एकदा, स्वतः चालवत, गगनबावड्याला जायचं होतं. पहिली नेमणूक तिथली. बावीस वर्षांची पोरगी एकटी एसटीनं उतरलेली, तिथंच परत उतरायचं, पण स्वतःच्या गाडीवरनं. बास, एवढंच. तेव्हा जानेवारी चालू होता.

मी रात्रंदिवस तीच गाडी बघायचो. डोळे मिटले तरी दिसायची. सीटखालची नळी कापून मागचा भाग चार इंच खाली घ्यायचा. टाकी मूळची ढोली, ती काढून लांबट, शेंगेसारखी ठोकायची, म्हणजे सिस्टरांचे गुडघे आत बसतील. हँडल त्यांच्याकडं ओढून घ्यायचं. मडगार्ड कातरायचे. एकच सीट. आणि सगळ्यात महत्त्वाची ती रेष. मागच्या चाकावरनं निघायची, सीटखालनं टाकीत चढायची आणि पुढं नेकमध्ये, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिथं, न थांबता उतरायची. एक रेष. कुठं सांधा नाही, कुठं गाठ नाही. नदीनं घासलेल्या गोट्यासारखी.

"रंग?" मी विचारलं.

"काळा," चाचा म्हणाले.

"करवंदाचा," सिस्टर म्हणाल्या. "पिकलेल्या. उन्हात जांभळा, सावलीत काळा. गगनबावड्याची करवंदं खाल्लीयस का कधी?"

"न्हाई."

"मग घेऊन येते तुला. माझ्या गाडीवरनं."

मला कुणी असं काय आणून देतो म्हणालं की राग यायचा. त्या वेळी नाही आला.

काम सुरू झालं त्या सकाळी चाचांनी गाडी सोडवून उघडी चॅसिस लोखंडी घोड्यावर ठेवली आणि आधी नेक घासलेटानं पुसली. नेकवर चॅसिस नंबर ठोकलेला होता. पोटात गेलेले, गंजलेले आकडे. चाचांनी त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन वेढे गुंडाळली आणि वर तार आवळली.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"हे गाडीचं कपाळ. ह्यावर लिवलेलं पुसलं तर गाडी चोरीची. मग कागद असू दे, मालक असू दे, काय उपेग न्हाई. कुठलंबी काम घेतलं की पैलं हे बांधायचं. लक्षात ठीव."

मी लक्षात ठेवलं. मला सगळंच लक्षात राहायचं. माझे डोळे तर लई तिखट. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि अर्ध्या सुताचा फरक मला लांबनं दिसायचा. चाचांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ते काम करताना मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं बघायचे, आणि सरळ आहे का हे विचारायला मला हाक मारायचे. "तेज्या, बघ रं." मी बघायचो. मी सांगेन ते फायनल. उद्यमनगरातला दस्तगीर बागवान शाळा सोडलेल्या पोराला विचारून हातोडा मारायचा. शेजारच्या लेथवाल्यानं एकदा टोमणा मारला, "चाचा, उस्ताद कोण आन् चेला कोण?" चाचा म्हणाले, "डोळं त्येचं, हात माझं. तू मधी बोलू नको."

फेब्रुवारी गेला. टाकी झाली. वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं चाचांनी तिचे दोन्ही गाल असे उठवले, की मी हात फिरवत बसायचो. मागचा भाग कापून खाली आला. मार्चात एका शुक्रवारी सिस्टर बसून बघायला आल्या. उघड्या चॅसिसवर आम्ही फळी टाकली. त्या साडीचा काष्टा मारूनच आलेल्या. चाचांनी हात दिला, त्यांनी तो घेतला नाही. स्वतःच टांग टाकली.

दोन्ही टाचा जमिनीला लागल्या.

सिस्टर खाली पायांकडं बघत राहिल्या. मग हँडलची नुसती नळी धरून त्यांनी तोंडानं "डग डग डग डग" असा आवाज काढला. लहान पोरीसारखा. चाचा हसून हसून खोकायला लागले.

मी हसलो नाही. मी नेककडं बघत होतो.

नेकच्या खाली, पुढच्या नळीला, एक तिकोनी लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती. आदल्या दिवशी नव्हती. जाडजूड, कडेला वेल्डिंगचे फुगे आलेले. माझी रेष जिथं उतरायची, बरोबर तिथं.

"हे काय हाय?" मी म्हटलं.

"पट्टी. मागनं चार इंच खाली घेतलं नव्हं? सगळा भार आता नेकवर येतोय. काल संध्याकाळी मारली."

"मला विचारलं न्हाई."

"तुला काय इचारायचं त्यात? तू रेष मारतोस. तुटंल कुठं, ते मला कळतंय."

"रेष मोडली! चाचा, दिसत न्हाई व्हय तुम्हाला? सगळी गाडी मोडली. गोट्यावर गोचीड बसल्यागत दिसतंय!"

"असू दे गोचीड. बाई घाटात जाणार हाय."

"आतनं मारता आली असती. बारीक मारता आली असती. आंधळं काम केलंय तुम्ही!"

तो शब्द मी बोललो. चाचांनी मान वाकडी करून माझ्याकडं डाव्या डोळ्यानं बघितलं. रागानं नाही. नीट दिसावं म्हणून.

सिस्टर फळीवरनं उतरल्या. "पट्टी राहू दे, दस्तगीरभाई," म्हणाल्या. "आणि ए चित्रकार, मला गाडी फोटोत नाही बसवायची. मला तिच्यावर बसायचंय. कळलं?"

दोघं एका बाजूला झाली, एवढंच मला कळलं. वही वर्गात फिरत होती आणि सगळी हसत होती, असं काहीतरी अंगातनं गेलं.

सिस्टर गेल्या. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. जाताना म्हणाले, "पट्टीच्या कडा जरा मोडून ठीव. तुझ्या मनासारखं गोल कर. पर पट्टी पातळ करू नको." म्हणजे भांडण त्यांनी तिथंच सोडून दिलेलं. मी नाही.

ग्राइंडर घेतला. पट्टीच्या कडा मोडल्या. वेल्डिंगचे फुगे गेले, कडा गोल झाल्या. बरं दिसायला लागलं. पण वरच्या बाजूला पट्टी नळीत मिसळायची, तर मध्ये ती ट्यूब. तार आवळलेली, रबराची गाठ. मी थांबलो. मग हॅक्सॉचं पान घेतलं, तार कापली, ट्यूब कापली आणि शेडमागच्या ओढ्यात फेकली.

नंबर दिसत होता. स्वच्छ. पहिला आकडा तीन होता. सांधा मिसळताना ग्राइंडर जरा वर सरकला आणि तिनाचं पोट गेलं. इथंवर चुकून म्हणता येईल. मी ग्राइंडर बंद केला. बघितलं. एक आकडा गेलेला, बाकीचे तसेच. रेषेच्या वाटेत सहा खड्डे. आणि माझं डोकं तापलेलं. गोट्यासारखं पाहिजे म्हणजे पाहिजे.

परत चालू केला. एकेक आकडा बघत बघत घासला. शेवटी नऊ होता.

मग पुट्टी भरली, पेपर मारला, वर करडा प्रायमर. चाचा टोपी खिशात घालत आले, तेव्हा मी हात धूत होतो. ते नेकजवळ वाकले. उजवा डोळा, मग डावा. पट्टीवरनं तळहात फिरवला.

"वा रं वा," म्हणाले. "आता कुठं गोचीड हाय? पोटातनं आल्यावाणी झालीया. तेज्या, तुझा हात बसला आज."

ट्यूबचं त्यांच्या लक्षात आलं नाही. नेकपासनं पट्टीपर्यंत सगळंच करडं. मी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि मी रस प्यालो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी तयार झाली. करवंदी रंग असा बसला, की येणारा-जाणारा शेडमध्ये शिरायचा. लोक फोटो काढायचे. शेडपुढच्या मोकळ्या जागेत सिस्टरांनी पहिल्यांदा चालवली. एक फेरी. चाचा लग्नातल्या मामासारखे शेजारनं पळत होते आणि सिस्टर ओरडत होत्या, "बाजूला व्हा, चिरडले जाल!"

गाडीच्या नोंदणीची मुदत संपलेली, त्यामुळं रस्त्यावर काढायच्या आधी आरटीओत पासिंग करून घ्यावं लागणार होतं. आम्ही छोट्या टेम्पोत घालून नेली. मैदानात उतरवली तर एजंट लोक, ट्रकवाले, सगळी भोवती गोळा झाली. इन्स्पेक्टर तिशीतला माणूस होता. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, खाली बसला, मागं जाऊन बघितली.

"कुणी केली ही?"

चाचांनी मला खांद्याला धरून पुढं ढकललं. "ह्या पोरानं. डोक्यातनं काढली सगळी. मी नुसता हातोडा मारला."

"वय काय रे तुझं?"

"सोळा."

"सोळा!" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मला माझ्या आधीच्या सोळा वर्षांत कुणी तसं बघितलं नव्हतं. भोवतीची माणसंही माझ्याकडंच बघत होती. कुणीतरी माझा फोटो काढला. गाडीसकट.

मग इन्स्पेक्टरनं खिशातनं पातळ कागदाची पट्टी आणि पेन्सिल काढली. चॅसिस नंबरावर कागद ठेवून वरनं पेन्सिल घासायची, म्हणजे आकडे कागदावर उठतात. तो छाप कागदपत्रांना लावतात. मला माहीत नव्हतं. आईशप्पत, छापाचं माहीत नव्हतं. नंबर पुसायचा नसतो, एवढं माहीत होतं.

"नंबर कुठंय?"

"नेकवर, सायेब. रंगाखाली असंल."

त्यानं किल्लीच्या टोकानं खरवडलं. करवंदी रंग निघाला, करडा निघाला, मग पुट्टीची पांढरी भुकटी. मग चकचकीत लोखंड. त्यानं अजून चार बोटं पुढं खरवडलं. मग उठला आणि हात झटकले. चेहरा बदललेला.

"घासलाय. नंबर घासलाय हा."

सिस्टरांनी पर्समधनं आरसी बुक काढलं. "हे बघा ना, साहेब. माझ्या मिस्टरांची गाडी आहे. पहिल्यापासनं."

"कागद बरोबर असतील, मॅडम. इंजिनचा नंबर जुळतोय, म्हणून मी गाडी अडकवून ठेवत नाही. पण चॅसिसवर नंबर नसलेली गाडी मी पास करू शकत नाही. पोलिसांचा दाखला लागेल, तपासणी होईल, मग वरनं परवानगी आली तर नंबर परत मारून मिळेल."

"किती दिवस?"

"दिवस नाही. वर्ष धरून चाला. तोपर्यंत गाडी रस्त्यावर नको."

सिस्टरांनी मनात महिना मोजला असेल. एप्रिल चालू होता. त्यांनी आरसी बुक मिटलं आणि पर्समध्ये ठेवलं. पर्सची चेन लागत नव्हती. दोनदा ओढली.

चाचा नेकवर अंगठा फिरवत होते. पुढं, मागं. मला वाटलं, अंगठ्याला कळलं. त्या अंगठ्याला काय कळायचं नाही? मग त्यांनी माझा दंड धरला आणि मला लिंबाच्या झाडाकडं घेऊन गेले.

"तेज्या, खरं सांग."

मी लिंबाच्या बुंध्याकडं बघायला लागलो.

"माझ्या डोळ्याची तऱ्हा तुला ठावं हाय. मागच्या म्हैन्यात मी एका टाकीचं झाकण उलटं बसवलंतं, तूच दाखवलंस. आता मला आठवतंय की मी ट्यूब बांधलेली. वर तार आवळलेली. पर आठवतंय ते ह्या गाडीचं, का दुसऱ्या कुठल्या? चाळीस वर्सं बांधतोय मी. सगळ्या ट्यूबा एकसारख्या दिसायल्यात." त्यांचा आवाज बारीक झालेला. "तुझं डोळं चांगलं हायत. तुला दिसलं असंल. ट्यूब हुती का रं?"

पलीकडं तो इन्स्पेक्टर उभा होता. माणसं अजून गेलेली नव्हती. फोटो काढणारा पोरगा फोन दुसऱ्याला दाखवत होता.

"न्हवती, चाचा," मी म्हटलं.

त्यांनी माझा दंड सोडला. डोळे पुसले. उजवा, मग डावा.

"मग तू घासलंस त्यात तुझी काय चूक. नंबराचं मी तुला सांगितलंच न्हाई म्हणायचं."

ते परत गेले. सिस्टरांपुढं उभे राहिले आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात जोडले. "सिस्टर, माझ्याकडनं राहिलं. पैलं करायचं काम मीच इसरलो. पोराचा काय संबंध न्हाई. म्हातारा झालोय मी. डोळ्याचं तुमच्यापस्नं लपवलं."

सिस्टरांनी चाचांचे जोडलेले हात खाली केले. "आमच्या दवाखान्यातही राहतं कुणाकडनं तरी," म्हणाल्या. "चला. टेम्पोवाला थांबलाय." टेम्पोत त्या गाडीशेजारी उभ्या राहिल्या, हँडल धरून.

पुढं मे महिन्यात गुडघे बदलले. आता काठी घेऊन चालतात. कागदांच्या मागं त्या लागल्याच नाहीत. गाडी बोळात आहे, ताडपत्रीखाली. गेल्या वर्षी त्या गगनबावड्याला जाऊन आल्या. एसटीनं. उजवीकडची खिडकी मिळाली म्हणे.

चाचांनी त्याच आठवड्यात शेडला कुलूप लावलं. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच बोर्ड उतरवला. उद्यमनगरात ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला सांगत सुटले, "नंबर घालवला मी. बाईची गाडी गेली." माझ्याबद्दल मात्र चांगलंच सांगायचे. तो फोटो फोनाफोनात फिरला. करवंदी बुलेट, शेजारी सोळा वर्षांचा मी. लोक शोधत यायला लागले. आता लेथवाल्याच्या बाजूला माझा गाळा आहे. पुण्याहून, बेळगावहून गाड्या येतात. माझ्याकडं दोन वेल्डर आहेत. काम घेतलं की पहिल्यांदा ट्यूब मीच बांधतो. दुसऱ्याला बांधू देत नाही.

चाचांच्या घरी मी तीन वर्षं गेलो नव्हतो. ह्या ईदेला गेलो. ठरवून गेलो.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. चाचा दारातनंच ओरडले, "आला का रं उस्ताद! गालावर दाढी आली की तुझ्या, हितनं दिसतीया." म्हणजे नजर चांगली झाली होती. मी बसलो. हमीदाचाची आतनं शिरखुर्मा घेऊन आल्या. तेवढ्यात चाचा उठले आणि आत गेले. परत आले, बसले. दोन मिनिटांनी परत उठले.

"काय झालं?" मी हळूच विचारलं.

"गॅस बंद हाय का बघायला जातात," चाची म्हणाल्या. "आता दोनदा गेले नव्हं, अजून एकदा जातील. कुलूप लावलं तरी बसस्टॉपवरनं माघारी येतात. डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणतात, डोकं एकदम ठीक हाय, काय इसरत न्हाईत ते. ह्यांचाच ह्यांच्यावर इस्वास न्हाई."

चाचा आले. मी वाटी खाली ठेवली.

"चाचा, ट्यूब होती."

"कसली ट्यूब?"

"सिस्टरांच्या गाडीला. तुम्ही बांधलेली. माझ्यादेखत, पहिल्या दिवशी. हे गाडीचं कपाळ म्हणून सांगितलेलं. मी कापली ती. तुम्ही जुम्म्याला गेलेला. आकडे बघून घासले मी, एकेक. शेवटचा नऊ होता."

चाचींचा पदर हातातल्या हातात राहिला. चाचा माझ्याकडं बघत होते. दोन्ही डोळ्यांनी, सरळ. मी वाट बघत होतो. थोबाडीत मारतील म्हणून. तीन वर्षं मी त्या थोबाडीची वाट बघत होतो.

ते हसले.

"किती दिवस झाले हे पाठ करतोयस?"

"पाठ न्हाई, चाचा. खरं बोलतोय. ट्यूब ओढ्यात टाकली मी. शेडमागं."

"ओढ्यात शंभर ट्यूबा हायत." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हिनं बोलवलं व्हय तुला? म्हातारा झुरतोय, त्येला काहीतरी सांगून बघ म्हणून?"

"कुणी न्हाई बोलवलं!" माझा आवाज चढला. "मी खोटं बोललो तवा. माझं नाव जाईल म्हणून. तुम्ही काय इसरला नव्हता!"

"वरडू नको. ईद हाय." ते वाकले, वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली. "चांगलं पोरगं हायस तू. माझ्यासाठी एवढं अंगावर घ्यायला निघालास. पर ऐक. त्या दिवशी तू तोंडावर खरं सांगितलंस, म्हणून मी येळेत थांबलो. आज नंबर इसरलो, उद्या ब्रेक इसरलो असतो. कुणाचं तरी पोरगं गेलं असतं माझ्या हातनं. तुझं उपकार हायत माझ्यावर. रोज दुव्यात नाव घेतो तुझं."

मी चाचींकडं बघितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. माझ्याकडं न बघता त्यांनी उठून माझ्यापुढचं पाण्याचं तांब्या-भांडं उचललं आणि आत घेऊन गेल्या.

"खा," चाचा म्हणाले. "गार हुतोय."